आठ फूट वजा

१

आमच्या गावाला एक फेरी मारायला मला अडतीस मिनिटं लागतात. त्यातली बावीस चालण्याची आणि सोळा ताईकडच्या चहाची. बाजारचौकातल्या दगडी पंपापासून निघायचं, दोरगल्लीतून खाली उतरायचं, नदीच्या धक्क्याने जुन्या पुलाच्या तोंडापर्यंत जायचं, तिथून कोठाराच्या आळीत शिरायचं, स्वतःच्याच घरावरून पाहुण्यासारखं पुढे जायचं आणि शेवटच्या बोळातून चढून परत पंप. डॉक्टरांनी "थोडं चालत जा" एवढंच सांगितलं होतं. अकरा वर्षं झाली, अजून चालतोय. डॉक्टर मात्र लठ्ठ झाले.

मी निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे पावलं मोजायची खोड लागली ती लागलीच. पंपापासून दोरगल्लीच्या टोकापर्यंत एकशे अडुसष्ट पावलं. कोणी मध्येच नमस्कार केला तर मी मान हलवतो, तोंड उघडत नाही, कारण आकडा सांडतो. यावरून गावात मला शिष्ट म्हणतात. म्हणोत बापडे.

दोरगल्लीच्या मधोमध ताईचं बटणांचं दुकान. एका बाजूला दोरवाला, दुसऱ्या बाजूला घड्याळजी, मध्ये आठ फुटांत ताई. जुन्या बाजारातला प्रत्येक गाळा असाच, एका काठीचा, आठ फुटांचा. पूर्वी काठी टाकून जागा वाटल्या आणि पुढे कोणी वाद घातला नाही. भिंतभर लाकडी खण आणि खणाखणांत बटणं. ती निवडताना पत्र्याच्या ताटात ओतते तेव्हा होणारा खळखळाट मला गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो.

"आलास? बस. आज दोन मिनिटं उशीर."

"गुडघा दुखतोय."

"गुडघा नाही, पोट आडवं येतंय. धाकट्या, बिस्कीट एकच घे."

आईवडील गेले, माझी बायको गेली, ताईने लग्नच केलं नाही. आम्ही दोघंच उरलोय. ती त्र्याहत्तरची, मी सदुसष्टचा. अकरा वर्षांत ती माझ्या घरी चहाला एकदाही आली नाही, कारण दुकान कोणावर टाकणार? मी दर आठवड्याला बोलावतो, ती दर आठवड्याला "बघू" म्हणते.

२

बाजारमंडळाच्या अध्यक्षीणबाई टोप्या विकतात आणि कल्पना फुकट वाटतात. त्यांना वाटलं, गावात बाहेरची माणसं हिंडायला येतात तर चौकात एक छान पाटी हवी. फेरीचा नकाशा, प्रत्येक रस्त्याची लांबी, सगळं रंगवून.

"तुम्हीच मोजा," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाहीतरी रोज मोजताच."

मी भाव खाल्ला आणि अर्ध्या तासाने हो म्हटलं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती सोपी आहे. गोल फिरून तुम्ही निघाल्या जागी आलात की कागदावरची रेघही निघाल्या जागी यायला हवी. ती कधीच येत नाही. थोडीशी उघडी राहते. कुठे फीत सैल पडते, कुठे दगडावर चढते. ही उघडी फट आम्ही सगळ्या बाजूंत थोडी थोडी वाटून टाकतो आणि आकृती मिटवतो. फट मोठी असली तर मात्र वाटायची नाही, पुन्हा मोजायला निघायचं. चाळीस वर्षं मी हे हाताखालच्यांना बजावत आलो.

माझी फट आठ फुटांची निघाली.

पाटी दुसऱ्या दिवशी रंगवायला जायची होती आणि गुडघा सुपारीएवढा दुखत होता म्हणता म्हणता नारळाएवढा दुखायला लागला. फट नेमकी नदीच्या प्रवाहाच्या दिशेची होती. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या बाजू दोनच, दोरगल्ली आणि कोठाराची आळी; धक्क्याने मी प्रवाहाच्या उलट चालतो आणि ती बाजू दोनदा मोजली होती. कोठाराच्या आळीचे एकशे ऐंशी फूट मला तोंडपाठ होते, रोजचं दार, तिथे काय मोजायचं? म्हणून ती मी मोजलीच नव्हती. दोरगल्लीत मात्र मध्येच ताईने हाक मारली होती, मी फीत सोडून चहा प्यालो होतो. चूक तिथलीच असणार. मी मोजणीवहीत दोरगल्लीच्या चारशे वीसवर काट मारली, चारशे बारा लिहिलं आणि शेजारी बारीक अक्षरात टीप दिली : "आठ फूट वजा, ताईच्या दुकानापाशी."

आकृती मिटली. मी शीळ वाजवत झोपायला गेलो.

३

रंगारी हा माणूस एक ओळ रंगवून दोन तास तिच्याकडे बघतो. त्याने चौकात पाटी उभी केली, पहिला हात दिला आणि म्हणाला, "दुसरा हात आठवड्याने. मग शेवटी वार्निश. घाई केली तर रंग सोडतो, साहेब."

पाटी सुरेख होती. मी तिच्यासमोर उभा राहून दोन अनोळखी बायकांना "हे मीच मोजलंय" असं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी दोरगल्ली एकशे सदुसष्ट पावलांत संपली.

मी हसलो. नवे बूट घेतले होते, टाच जाड होती. ताईकडे बसताना मात्र माझं कोपर खणांवर आपटलं, मग दुसरं कोपर दुसऱ्या बाजूच्या खणांवर.

"हळू! बैल शिरल्यासारखा काय शिरतोस?"

"खुर्ची हलवलीस का?"

"तुझी कंबर हलली आहे. बिस्कीट बंद."

माझ्या कोटाचं एक बटण तुटलं होतं. तिने खणातून तसंच काळं बटण काढून दिलं. घरी येऊन ते बाकीच्यांशेजारी ठेवलं तेव्हा लक्षात आलं की ते गोल नाही, अंड्यासारखं आहे. भोकंसुद्धा जवळजवळ आलेली. दुसऱ्या दिवशी मी ते परत नेलं. ताईने चष्मा वर केला, बटण उजेडात धरलं.

"गोल आहे की. डोळे तपासून घे."

तिच्या हातात ते खरंच गोल दिसत होतं. मी बटण खिशात टाकलं आणि डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत निघाले, तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

४

रंगाच्या दुसऱ्या हातानंतर एकशे सहासष्ट पावलं.

या वेळी मी जुने बूट घातले होते.

ताईच्या दुकानात आता मला सरळ शिरता येईना. मी खांदा पुढे करून आत गेलो. ती मात्र आपली ऐसपैस बसलेली, दोन्ही हात पसरून ताटातली बटणं निवडत होती. तिची कोपरं कुठेच आपटत नव्हती. ती कशी बसली आहे हे बघायला गेलो की नजर घसरायची आणि मी खणांकडे बघायला लागायचो. बटणांचा आवाजही बदलला होता. पूर्वी खळखळ यायची, आता पत्त्यांची गड्डी पिसावी तसा आवाज येत होता.

"ताई, मी जरा दुकान मोजू?"

"मोज बाबा. तुला दुसरं सुचतंय काय?"

मी माझी फीत या भिंतीपासून त्या भिंतीला लावली. तीन फूट. पुन्हा लावली. तीन फूट. ताई हसायला लागली, तिने गळ्यातली आपली पिवळी फीत काढली, तीच जागा मोजली आणि टोक माझ्या नाकासमोर नाचवलं.

"आठ! आठ फूट. सरकारने तुला चाळीस वर्षं कसं सांभाळलं रे?"

टोकावर खरंच आठ होते. मी स्वतः वाचले.

घरी न जाता मी सगळी फेरी पुन्हा मोजायला निघालो, गुडघ्याला पट्टा बांधून. स्वतःला समजावत होतो की उन्हाने फीत ताणते, की सदुसष्टाव्या वर्षी माणूस चुकतोच. कोठाराची आळी या वेळी मोजली, ती बरोब्बर एकशे ऐंशी भरली, पाटीवर होती तेवढीच. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकडे मांडले. फट अजून होती. पण आठ फुटांची नव्हती, तीन फुटांची होती.

मी चुकलो असतो तर फट वाकडीतिकडी वाढली असती. ही शहाण्यासारखी मिटत चालली होती. आणि वार्निश अजून बाकी होतं.

५

"अहो, चारशे बारा काय आणि चारशे वीस काय," अध्यक्षीणबाई एका टोपीला वाफ देत म्हणाल्या. "येणारी माणसं फीत घेऊन येणार आहेत का?"

"आकडा चुकलाय, बाई. माझा मी चुकवलाय."

"मग तर मुळीच बोलू नका! सगळ्यांना सांगितलंय की तुमच्यासारखा काटेकोर माणूस नाही." त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवून पाहिली. "छान दिसते. परवा वार्निश झालं की उद्घाटन. भाषण तुमचं."

रंगारी म्हणाला, अध्यक्षीणबाईंच्या चिठ्ठीशिवाय तो एक टिंबही बदलणार नाही. त्याचंही बरोबर होतं.

मग मी ताईकडे गेलो. आत जाण्याचं धाडस झालं नाही, दारातूनच बोललो.

"ताई, चार दिवस माझ्याकडे राहायला चल."

"का? आजारी आहेस?"

"हो," मी म्हणालो.

ती क्षणभर खरंच घाबरली. मग माझा चेहरा वाचून म्हणाली, "खोटं बोलताना तुझा कान लाल होतो, लहानपणापासून. काय झालंय ते सांग."

काय सांगणार? मी वहीत काट मारली म्हणून तू अरुंद होत चालली आहेस, असं? दुकान फक्त दोन दिवस बंद ठेव म्हणून मी अक्षरशः हात जोडले. तिने ताटातली बटणं सारखी केली आणि म्हणाली, "बघू."

६

रंगाऱ्याला त्या दिवशी दुसरं काम आलं, म्हणून त्याने वार्निश एक दिवस आधीच उरकलं. हे मला सकाळी पाटीची चकाकी बघून कळलं.

मी गल्लीत शिरलो. एकशे साठपर्यंत मोठ्याने मोजत होतो, दोघातिघांनी वळून पाहिलं. एकशे पासष्टला गल्ली संपली.

मागे वळून आलो तर दोरवाल्याची भिंत आणि घड्याळजीची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती. बाकी काही नव्हतं. दोरवाला आपल्या दारात सुतळीचा गुंडा करत बसला होता.

"ताई कुठे आहे?" मी विचारलं.

"आत असतील की." त्याने मान न वळवता फटीकडे अंगठा केला. "आत्ताच माझ्या बायकोने चार बटणं नेली."

मी फटीजवळ गेलो. आत दिवा लागलेला होता, उबदार पिवळा, दुकानातला नेहमीचा. बटणं पिसल्याचा आवाज येत होता. मी डोळा लावला. ताईच्या निळ्या स्वेटरची एक उभी रेघ हलली आणि तिच्यावर, बरीच वर, एक डोळा माझ्याकडे वळला. हसरा होता. मला बघून तिला आनंद झाला होता.

"आत ये की, उघडंच आहे," ताई म्हणाली. आवाज अगदी तिचाच.

मी एक पाऊल मागे घेतलं.

"बरं, तिथेच घे. गार होतोय."

फटीतून बशीची कड बाहेर आली. बशी उभी होती. तिच्यावर कप होता, तोही तसाच, आणि कपात चहा होता, वाफेसकट, आणि तो सांडत नव्हता. कप तिथे माझी वाट बघत थांबला.

मी पळालो. सदुसष्टाव्या वर्षी, पट्टा बांधलेल्या गुडघ्याने, सख्ख्या बहिणीने पुढे केलेला चहा तसाच सोडून मी पळालो. याची मला अजून लाज वाटते.

७

पुलाच्या कठड्यावर बसून धाप ओसरल्यावर डोकं जरा चालायला लागलं. दोरगल्लीला तिचे आठ फूट परत द्यायचे तर ते दुसरीकडून काढावे लागणार, नाहीतर आकृती उघडी राहणार. उघडी आकृती काय करते ते मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. प्रवाहाच्या दिशेची दुसरी बाजू एकच, कोठाराची आळी. न मोजता, तोंडपाठ म्हणून ठोकून दिलेली; नंतर मोजली तेव्हा ती पाटीवरचा आकडा पाळायला लागली होती. खरी चूक पहिल्यापासून तिथेच असणार, माझ्या दारात.

आळीत आहे काय? कोठाराची लांबलचक भिंत आणि टोकाला माझं एका काठीचं घर. भिंतीतून आठ फूट गेले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण जुन्या कोठारात आता बालवाडी भरते. सकाळी तिथे तीसेक पोरं कावळ्यांसारखी ओरडत असतात.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी चाकूने वार्निश खरवडलं आणि घरातल्या खिडक्यांचा उरलेला रंग घेऊन पाटीवर लिहिलं : दोरगल्ली, चारशे वीस. कोठाराची आळी, एकशे बहात्तर. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. मग वही काढली, जुनी टीप खोडली आणि स्वच्छ लिहिलं : "आठ फूट वजा, माझ्या दारापाशी."

मांडून पाहिलं. कागदावरची रेघ पंपापासून निघून पंपाशी आली. फट शून्य. चाळीस वर्षांत माझी एकही आकृती शून्यावर मिटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोरगल्ली एकशे अडुसष्ट पावलं होती. दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि खळखळाट गल्लीभर ऐकू येत होता. ताई दारातच उभी होती, चिडलेली.

"काल चहा टाकून पळालास! शेजाऱ्यांसमोर!"

मी तिला मिठी मारली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही कोपरं पसरून.

"अरे, सोड! गिऱ्हाईक आहे!" ती म्हणाली, पण तिनेही लगेच सोडलं नाही. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाली, "बारीक झालास का रे तू?"

८

अध्यक्षीणबाई चिडल्या, पण चारचौघांत काय बोलणार? त्यांनी माझं कोंबडीचं अक्षर रंगाऱ्याकडून पुन्हा नीट गिरवून घेतलं. त्याला आठवडा झाला. काल वार्निशही झालं म्हणे. म्हणे अशासाठी की मी अलीकडे फेरीला जात नाही. बाहेर गेलो की आळी दोन्ही बाजूंना फार लांब पसरलेली वाटते आणि माणसं अघळपघळ दिसतात, बघवत नाही.

घरात मात्र मजेत आहे. खोली आहे तशीच आहे. फितीने रोज मोजतो, आठ फूट. मोजणीवह्या पहिल्यापासूनच उभ्या आणि अरुंद असतात, त्यामुळे लिहायला अडचण नाही. आज सकाळी कोटाला ताईचं ते अंड्यासारखं बटण लावून टाकलं. छान गोल आहे.

बालवाडीची सुट्टी झाल्यावर आळीत चपलांचा आवाज आला. मी तो अंधारातही ओळखेन. आवाज दारावरून पुढे गेला, थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथेच होतं," ताई स्वतःशी म्हणत होती. "कोठाराची भिंत संपली की लगेच."

म्हणजे तिने दुकान बंद ठेवलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"आत ये की," मी म्हणालो. "उघडंच आहे."

चपला थांबल्या. मग उजेडाच्या रेघेत तिचा डोळा आला. तो हसत नव्हता. मी दिसलो तेव्हा तिला काय दिसलं असेल हे मला चांगलंच ठाऊक होतं, आणि ती आता पळेल, पळावंच तिने, असं मनात म्हणत मी चहा ओतला. कपबशी मी दारातून बाहेर धरली आणि तिच्याकडे बघायचं टाळलं.

बशी माझ्या हातातून हळूच कोणीतरी घेतली.

एक घोट घेतल्याचा आवाज आला. नाक ओढल्याचा आला. मग दुसरा घोट.

"साखर कमी आहे," ताई म्हणाली, आणि माझ्या उंबऱ्यावर बसली.